सेप्सिसची ॲप बनवणाऱ्यांनो, रिकामा रकाना म्हणजे नॉर्मल नसतो

आरोग्याची मोबाईल ॲप बनवणाऱ्या कंपन्यांना, त्यांच्यासोबत बसून त्यातले प्रश्न ठरवणाऱ्या डॉक्टरांना, आणि ॲप चांगलं की वाईट हे तपासायचं काम ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांना,

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, चार वर्षं झाली. माझ्याकडे चार गावं, एक एएनएम ताई, पाच आशाताई, बीपीचं मशीन, थर्मामीटर, शुगरचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि माझा स्वतःचा मोबाईल. लॅब नाही. पीएचसी १४ किलोमीटरवर आहे आणि जिथे आयसीयू आहे तो दवाखाना साठच्या वर. गावाचं नाव लिहीत नाही कारण जिच्याबद्दल लिहिणार आहे ती बाई तिथेच राहते आणि तिची परवानगी मी एवढ्यापुरतीच घेतलीय.

मागच्या वेचणीच्या हंगामातली गोष्ट, नोव्हेंबर. सकाळी साडेनऊला एका चौतीस वर्षांच्या बाईला तिची सासू आणि दीर ऑटोत टाकून घेऊन आले. आठ दिवस आधी धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत कापताना तिच्या पायाला विळा लागला होता, टीटीचं इंजेक्शन घेतलं होतं, बाजाराच्या गावातून गोळ्या आणल्या होत्या आणि ती तशीच कापूस वेचायला जात राहिली, कारण वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, घरी बसलं की तो दिवस गेला. पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजलेला. ताप मोजला तर ताप नाहीच, ९७. मला आधी बरंच वाटलं. नाडी १२४, श्वास पूर्ण एक मिनिट मोजले तर २८, बीपी ९८/६०. हाक मारली की डोळे उघडायची पण उत्तर भलतंच द्यायची.

माझ्या फोनमध्ये एक ॲप होतं. आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली होती, सगळ्यांनी घेतलं, मीही घेतलं, ४.६ स्टार होते, वर लिहिलं होतं सेप्सिस लवकर ओळखा. सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागणं. मी बीपी भरलं, शुद्धीचा स्कोअर भरला. पुढचे रकाने होते प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन. ते माझ्याकडे नव्हतेच तर कुठून भरणार, मी ते सोडून खालचं बटण दाबलं. हिरवी पट्टी आली. सेप्सिसची शक्यता कमी.

मी त्या हिरव्या पट्टीवर विश्वास ठेवला. पाय धुतला, ड्रेसिंग केलं, घोट घोट ओआरएस पाजलं, म्हटलं अर्धा तास बघू. त्यात चाळीस मिनिटं गेली. तिची सासू बाजूला बसून होती, ती एकदम उठली न म्हणाली, “मॅडम, रातपासून बरळून राह्यली हे, पोट्ट्याइले बी वयखून नाई राह्यली. तुमच्या फोनात काय बी दिसो, माह्या डोयाले दिसून राह्यलं हे बराबर नाई.” तेव्हा मी पीएचसीच्या सरांना फोन लावला. सरांनी तीनच गोष्टी विचारल्या, श्वास किती, शुद्धीवर आहे का, वरचं बीपी किती, आणि तिसरं उत्तर ऐकताच म्हणाले १०८ बोलाव, आत्ता, मी पुढे कळवून ठेवतो.

ती वाचली. सतरा दिवस दवाखान्यात होती, पायाची दोन बोटं काढावी लागली, त्या वर्षीच्या सोयाबीनचे पैसे तिथेच गेले. पण वाचली. ती चाळीस मिनिटं मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. सेप्सिसमध्ये बीपी ढासळत असेल तर अँटिबायोटिक एका तासाच्या आत सुरू करा असं आंतरराष्ट्रीय गाईडलाईन सांगते, माझ्या पेशंटला नुसतं दवाखान्याच्या दारात पोचायला दोन तास लागतात, त्यात चाळीस मिनिटं एका हिरव्या पट्टीने खाल्ली.

नंतर मी शोधत बसले की असं का झालं. ते ॲप ‘सोफा’ नावाचा स्कोअर काढत होतं. त्यात सहा गोष्टी बघतात, फुप्फुस, रक्त गोठणं, लिव्हर, रक्ताभिसरण, मेंदू, किडनी, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि इन्फेक्शन असताना २ किंवा जास्त गुण वाढले तर सेप्सिस समजा असं २०१६ च्या व्याख्येत आहे. आयसीयूत बसून मोजायला तो स्कोअर चांगलाच आहे, त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण त्यात श्वासाचा वेग नाही. नाडीही नाही. माझ्या पेशंटचं सरासरी बीपी (खालचं बीपी अधिक वरच्या-खालच्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा) ७२-७३ येत होतं, ७० च्या खाली गेलं तरच एक गुण मिळतो, म्हणजे शून्य. शुद्धी थोडी कमी, एक गुण. आणि बाकीचे चार रकाने रिकामे, तर ॲपने ते नॉर्मल धरले, चौघांना शून्य. बेरीज १. एक म्हणजे दोनपेक्षा कमी, म्हणजे हिरवं. गणित चुकलं नव्हतं हो, गणित अगदी बरोबर होतं, फक्त जे मला माहीतच नाही ते ‘ठीक आहे’ असं त्याने माझ्या वतीने लिहून टाकलं आणि तसं केलंय हे मला सांगितलंसुद्धा नाही.

आमच्या सरांनी फोनवर जे तीन प्रश्न विचारले त्यालाच क्विक सोफा म्हणतात. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, शुद्धीत फरक. माझ्या पेशंटचे तीनपैकी तीन होते. त्याला लॅब लागत नाही, ॲपही लागत नाही, घड्याळ आणि बीपीचं मशीन पुरतं. तोही एकट्याने वापरायची गोष्ट नाही, २०२१ च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे की छाननीसाठी फक्त क्विक सोफावर अवलंबून राहू नका, कारण तो बऱ्याच जणांना चुकवतो किंवा उशिरा पकडतो. म्हणजे क्विक सोफा कोरा आला म्हणून निश्चिंत होऊ नये हे खरं, पण तीनपैकी तीन आले तर पळायचंच असतं.

मग मी, आमच्या एएनएम ताई आणि बाजूच्या उपकेंद्रातली माझी मैत्रीण, आम्ही तिघींनी रविवारी बसून मिळतील तेवढी ॲप उघडून पाहिली, आठ-नऊ असतील. प्रत्येकात हाच पेशंट भरला. एकाने लाल दाखवलं, दोघांनी पिवळं, एकाने आधी ओटीपी मागितला आणि आमच्याकडे ओटीपी यायला कधी कधी गच्चीवर जावं लागतं. एक नेटशिवाय उघडलंच नाही. एकाने वय न विचारता उत्तर दिलं, म्हणजे सहा महिन्यांचं बाळ आणि साठ वर्षांचा माणूस त्याला सारखाच, अहो लहान बाळाचा श्वास मिनिटाला चाळीस असणं म्हणजे काही आजार नाही, आणि मुलांच्या सेप्सिसचे निकष तर २०२४ च्या जानेवारीत नव्याने आले, फिनिक्स म्हणतात त्यांना. गरोदर बाईची नाडी तशीही वाढलेली असते आणि बीपी थोडं उतरलेलं असतं, त्यामुळे गरोदर आहे का, बाळंतपण होऊन किती दिवस झाले हा प्रश्न आमच्याकडे पहिला यायला पाहिजे, तो फक्त एकात होता.

आणि तारखेचं तर विचारूच नका. एका ॲपमध्ये अजून ‘सिव्हिअर सेप्सिस’ असा प्रकार लिहिलेला आहे, २०१६ च्या व्याख्येत तो शब्दच काढून टाकला. इन्फेक्शन असताना ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी या चारपैकी दोन जुळले की सेप्सिस, ही व्याख्या १९९२ ची, ती पण एकात सापडली, आणि कुठेच लिहिलेलं नाही की ही कधीची आहे, कोणी लिहिली, कोणत्या डॉक्टरने तपासली. आमच्याकडे दुकानदार खताच्या पोत्यावरची तारीख दाखवल्याशिवाय विकत नाही.

तुम्ही म्हणाल की ॲप तपासायच्या पद्धती आहेत. आहेत, मी वाचलं त्याबद्दल. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये मार्स नावाची एक मोजपट्टी तयार झाली, २३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, गुंतवून ठेवतं का, नीट चालतं का, दिसायला कसं आहे, माहिती कशी आहे असे चार भाग, शिवाय तपासणाऱ्याचं स्वतःचं मत, आणि जगभर अभ्यास करणारे लोक तीच वापरतात. प्रयत्न चांगला आहे, निदान प्ले स्टोअरच्या स्टारपेक्षा तरी खूप चांगला, कारण त्यात ‘या ॲपची कुठे चाचणी झाली का’ हा प्रश्न आहे. पण शेवटी चारही भागांची सरासरी काढतात. सेप्सिसच्या ॲपमध्ये मला हे पटत नाही. रंग छान, बटणं मोठी, स्क्रीन झटपट बदलते, याचे गुण माहितीच्या भागातली चूक झाकून टाकतात. चुकीचा डोस सांगणाऱ्या ॲपला देखणेपणाचे पाच गुण मिळून उपयोग काय. माझं म्हणणं असं की सेप्सिससारख्या जिवावरच्या गोष्टीत काही प्रश्न पास-नापासचे पाहिजेत, तिथे नापास तर बाकीचे गुण मोजूच नका.

आणि घरबसल्या दिलेले गुण वेगळे, जागेवर काय होतं ते वेगळं. हे आमच्यासारख्या खेड्यातच होतं असंही नाही. अमेरिकेत शेकडो दवाखान्यांत सेप्सिसची सूचना देणारं एक सॉफ्टवेअर बसवलेलं होतं, मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी ते आपल्या दवाखान्यातल्या २७,६९७ पेशंटवर तपासलं आणि २०२१ मध्ये छापलं की ज्यांना सेप्सिस झाला त्यातले ६७ टक्के त्याने पकडलेच नाहीत. तिथे तर लॅब होती, आयसीयू होता, चोवीस तास नेट होतं. बाहेरच्या कोणी तपासलं म्हणून कळलं. आमच्या फोनमधली ही ॲप बाहेरचं कोण तपासतंय?

भाषेबद्दल बोलते, कारण दोन ॲपवर मराठी आहे असं मोठं लिहिलंय. त्यात एक प्रश्न होता, ‘रुग्णाची मानसिकता बदलली आहे काय?’ आमच्या आशाताईने तो प्रश्न एका घरी खरंच वाचून विचारला तर नवरा चिडला, म्हणे माझी बायको काय वेडी आहे का. दुसऱ्यात ‘केशिका पुनर्भरण वेळ’. माझी नर्सिंगची पदवी आहे आणि मला ते दोनदा वाचावं लागलं. नखावर पाच सेकंद दाबून सोडा, परत गुलाबी व्हायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का ते बघा, एवढंच तर आहे ते. आणि मोठी अडचण ‘सेप्टिक’ या शब्दाची. आमच्याकडे सेप्टिक झालं म्हणजे जखमेत पू झाला, टीटी घेतली की काम झालं असं लोक समजतात. त्यामुळे ‘सेप्सिस होऊ शकतो’ असं स्क्रीनवर दाखवलं तरी घरचे म्हणतात सुई तर घेतली ना. लोक जे सांगतात ते शब्द असे असतात, बरळते, ओळखत नाही, नुसती झोपून राहते, हातपाय गार पडले, सकाळपासून लघवीलाच गेली नाही, बाळ दूधच ओढत नाही. ती सासू म्हणाली ना बरळून राह्यली, तो एक शब्द म्हणजे शुद्धीतला फरक, क्विक सोफाचा एक पूर्ण गुण. असे शब्द गोळा करायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही, वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कोणत्याही ओसरीवर बसलात तरी मिळतील.

आता सलाईन. गावात सलाईनवर लोकांचा भारी विश्वास, आणि ॲप सांगतं वजनाच्या दर किलोला ३० मिली, पहिल्या तीन तासांत. ४५ किलोच्या बाईला १,३५० मिली. गाईडलाईनमध्ये आहे ते, पण मोठ्यांसाठी, आणि माझ्या मते ते तिथेच जमतं जिथे पेशंटवर सतत लक्ष ठेवता येतं, श्वास लागला तर ऑक्सिजन-व्हेंटिलेटर आहे. युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ मुलांवर एक मोठी चाचणी झाली होती, २०११ ला छापली, गंभीर तापाच्या मुलांना भराभर सलाईन दिलं त्या गटात ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं गेली आणि ज्यांना असं भराभर दिलं नाही त्यात ७.३ टक्के. झांबियात मोठ्या माणसांवर, २०१७ ची गोष्ट, भरपूर सलाईन आणि बीपी वाढवायच्या औषधांचा ठरलेला प्रोटोकॉल लावला त्या गटात ४८.१ टक्के मृत्यू आणि नेहमीच्या उपचारात ३३ टक्के. तिथले बहुतेक पेशंट एचआयव्हीचे होते, आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण आमच्या बायांचं हिमोग्लोबिन सात-आठ असतं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची घरंच्या घरं आहेत, आणि ॲप ना हिमोग्लोबिन विचारतं ना तुमच्याकडे ऑक्सिजन आहे का विचारतं, सरळ आकडा फेकतं. हा आकडा पाहून एखाद्या खोलीत दोन बाटल्या भराभर चढवल्या आणि पेशंटच्या छातीत पाणी भरलं तर जबाबदारी कोणाची?

अजून एक आमच्या मातीतली गोष्ट. पावसाळ्यानंतर गवत वाढतं, त्यातला बारीक किडा चावतो आणि स्क्रब टायफस होतो, २०१८ ला नागपूरसह विदर्भात त्याने किती घाबरवलं होतं ते आठवत असेल. तोही पेशंटला थेट सेप्सिससारख्या अवस्थेत नेतो. त्याचं औषध डॉक्सिसायक्लिन, नेहमीचं सेफ्ट्रियाक्झोन त्यावर चालत नाही. काखेत, जांघेत, कमरेला कपड्याची नाडी बांधतात तिथे काळी खपली आहे का हा एक प्रश्न विचारला तर दिशा मिळते. आम्ही पाहिलेल्या एकाही ॲपमध्ये तो नव्हता. मी समजू शकते, बनवणाऱ्यांनी कधी धुऱ्यावर पाय ठेवला नसेल, पण मग ते ॲप आमच्यासाठी आहे असं म्हणू नका.

होत नाही असं काही नाही. आपल्याच गडचिरोलीत अभय बंग आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना शिकवून आरोग्यदूत केलं, त्या घरोघरी जाऊन नवजात बाळ बघायच्या, ठरलेली लक्षणं कागदावर नोंदवायच्या आणि सेप्सिस वाटला तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. ३९ गावांत केलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, एकेक जन्म न् एकेक मृत्यू मोजला. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं की सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. तेव्हा कोणाकडे मोबाईल होता? त्या लक्षणांच्या यादीला कोणी स्टार दिले नव्हते, गावात किती बाळं वाचली यावरून ती चांगली ठरली. मला ॲप नको असं बिलकुल नाही, रात्री दोनला एकटी असते तेव्हा हातात काहीतरी भरवशाचं असावं असं मला खूप वाटतं. पण ते तपासायची पद्धत हीच पाहिजे, जिथे वापरणार तिथे, जी वापरणार तिच्या हातात देऊन, आणि पेशंट वेळेत पोचला की नाही हे मोजून.

म्हणून मागणं सांगते. रिकाम्या रकान्याला शून्य धरू नका, ‘सहापैकी चार गोष्टी माहीत नाहीत, यावरून काही सांगता येत नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि लॅब नसेल तर जे मोजता येतं त्यावरच रेफर कर की नाही ते सांगा. पहिल्या पानावर तारीख, गाईडलाईन आणि तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव टाका. नेट नसताना चाललं पाहिजे. वय, गरोदरपण, वजन विचारल्याशिवाय कोणताही आकडा देऊ नका. पेशंटचं नाव, फोननंबर आणि माझे सगळे कॉन्टॅक्ट तुम्हाला कशाला लागतात तेही सांगा, नसतील लागत तर मागू नका. आणि तपासणाऱ्या मंडळींनो, १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आलंय, मग निदान सांगणारं ॲप तळाला बारीक अक्षरात ‘केवळ माहितीसाठी’ लिहून मोकळं कसं होतं? कोणतं ॲप तपासलं, कुठे तपासलं, किती पेशंट त्याने चुकवले हे मराठीत, सगळ्यांना दिसेल असं टाका, म्हणजे ग्रुपवर लिंक आली की आधी ते बघता येईल.

त्या ॲपच्या कंपनीला मी नोव्हेंबरातच मेल केला होता, आकडे आणि स्क्रीनशॉट लावून, पेशंटचं नाव काढून. इंग्रजीत उत्तर आलं, फीडबॅकबद्दल धन्यवाद आणि आवडलं असेल तर पाच स्टार द्या. मार्चमध्ये नवीन अपडेट आलं, रंग बदलले, वर मराठीही आलं. मी पुन्हा तोच पेशंट भरला, बीपी ९८/६०, शुद्धी कमी, तेच चार रकाने रिकामे. पट्टी हिरवीच आली. स्क्रीनशॉट परत पाठवलाय, उत्तराची वाट बघतेय.

तुमची,
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रातली सीएचओ